पायऱ्या कुठल्या बाजूला

बोलणं हा माझा धंदा. कल्याणच्या कोर्टात, ठाण्याच्या कोर्टात, उभा जन्म मी बोलतच आलोय. बायको म्हणते, तुम्ही झोपेतसुद्धा उलटतपासणी घेता. पण एक गोष्ट अशी आहे की तिच्याबद्दल माझ्या तोंडातून आजवर चकार शब्द निघालेला नाही. बायकोला माहीत नाही. बार रूममध्ये ज्यांच्याबरोबर रोज चहा पितो, त्यांना माहीत नाही. आणि जिला पहिल्यांदा सांगायला हवी होती, तिला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझे कोण? — खरं सांगू, कोणी नाही म्हणूनच जमतंय.

शहाड स्टेशनच्या पलीकडे, नदीच्या अंगाला, एक आगरी गाव आहे. नाव सांगत नाही. आता गाव म्हणायचं म्हणजे काय, चारी बाजूंनी टॉवर आणि मध्ये चेपलेली घरं. तिथं हिरूमावशी राहते. मी डोंबिवलीचा, मूळचा कोकणातला, तिच्या नात्याचा ना गोत्याचा. पण पहिल्या भेटीपासून ती मला 'पोरा' म्हणते आणि मी तिला मावशी. मी तिचा वकील.

मावशी धवलारीण आहे. तुम्ही आमच्या भागातलं आगरी लग्न बघितलं नसेल तर सांगतो — तिथं भटजी नंतर, आधी धवलारीण लागते. लग्नाचा एकेक विधी गाण्यातून लावणारी बाई. ती गाते ते धवले. नवरदेवाचा बाप नगरसेवक का असेना, मावशीनं 'थांब' म्हटलं की मांडव थांबतो. अंगानं चिपाडासारखी, आवाज मात्र असा की साउंडवाल्यानं लाजून डेक बंद करावा.

तर या गावात अशी रीत की हळदीचं पाणी घरचं चालत नाही. ते गावाच्या जुन्या बावडीवरनं आणायचं. बावडी म्हणजे दगडी विहीर, पायऱ्यांची. मावशी तिला 'बावरी' म्हणते. हळदीच्या दुपारी पुढे मावशी गात, मागे गावच्या बायका डोक्यावर कळश्या घेऊन, अशी मिरवणूक बावडीवर जायची. मावशीच्या सासूच्या काळात जायची, सासूच्या सासूच्या काळातही जायची. बावडी ज्या जमिनीत, ती जमीन कुणा एका शेठची होती. पण पाण्याला कुणी कधी मालक विचारला नाही. मग शेठच्या पोरांनी जमीन बिल्डरला विकली. कॉम्प्लेक्स उभं राहिलं, भोवती कम्पाउंडची भिंत आली, आणि बावडी भिंतीच्या आत गेली. आत म्हणजे नुसती आत नाही. त्या लोकांनी तिच्यावर लोखंडी जाळी घातली आणि पंप लावला, बागेला पाणी द्यायला. हळदीच्या बायका गेटवर गेल्या तर वॉचमन म्हणाला, सोसायटीची परमिशन आणा.

बायका परत आल्या. त्या दिवशी हळदीला नळाचं पाणी घेतलं. आणि मावशी, जिनं आयुष्यात एक लग्न सोडलं नव्हतं, ती गाईचना. "नलाचे पान्याला कसला आलाय धवला?" म्हणून पदर खोचून घरी निघून गेली. नवरीच्या आईनं पाय धरले तेव्हा कुठं परत आली.

तिथून केस सुरू झाली. गावातल्या बाकीच्यांना काही पडलं नव्हतं, अशातला भाग नाही. पण कोर्टाची पायरी चढायला पुढे झाली ती मावशी. माझ्याकडे आली. टेंभी नाक्याजवळ माझं छोटं ऑफिस होतं, आजही आहे, माडीवर. जिना चढून धापा टाकत आली आणि म्हणाली, "मना भिंत नको पारू. मना नुसती वाट दे." भिंत पाडू नका, वाट द्या. आमच्या धंद्यात भलेभले अशील येतात, पण आपल्याला काय हवंय हे इतक्या कमी शब्दांत सांगणारं माणूस मी क्वचित बघितलंय.

मी तेव्हा तरुण होतो. म्हणजे अगदी पोरसवदा नव्हे. पण दोन-चार केसी जिंकून डोक्यात हवा गेलेली. मावशी मला बावडी दाखवायला घेऊन गेली. वॉचमनची ओळख काढून आम्ही आत गेलो. तिनं मला जाळीच्या कडेला नेलं आणि खाली बोट दाखवलं. दगडी पायऱ्या. झिजून मधोमध खड्डे पडलेल्या. वरच्या दोन-तीन पायऱ्या दिसतच नव्हत्या, त्यांच्यावर कॉम्प्लेक्सची भिंत बांधलेली होती. भिंतीच्या पलीकडे बघितलं तर गाव. म्हणजे कळलं ना? पायऱ्या गावाच्या बाजूनं उतरत होत्या. ज्यानं कुणी ती बावडी बांधली त्यानं तिचं तोंड गावाकडे ठेवलं होतं. शेठच्या जमिनीकडे नव्हे.

"पोरा, ह्यांचा तोंड बघ गावाकरं हाय," मावशी म्हणाली. "त्या जजला हितं आन. कागुद लागनारच नाय."

आणि मी काय म्हणालो असेन? मी हसलो. म्हणालो, "मावशी, पायऱ्या काय कोर्टात उचलून नेता येतात?" मोठा विनोद केल्यासारखं वॉचमनकडे पण बघितलं. माझ्या डोक्यात कागद होते. जुने सातबारे, साक्षीदारांची यादी, वरच्या कोर्टांचे निकाल. दाव्यात मी पूर्वापार रूढी लिहिली, देवाधर्माचं लिहिलं, इंग्रजांच्या काळापासून लिहिलं. पायऱ्यांचं एक अक्षर लिहिलं नाही. कोर्टातर्फे माणूस नेमून जागेची पाहणी करून घेता येते. एक अर्ज, बस. कोर्टाचा माणूस आला असता, त्यानं नकाशा काढला असता, पायऱ्या रेकॉर्डवर आल्या असत्या. तो अर्ज मी केला नाही. विसरलो का? नाही. गरज वाटली नाही. एका अडाणी बाईनं सुचवलेला पुरावा तो काय पुरावा, असंच काहीसं तेव्हा मनात असणार. आता लिहितानाही कानाच्या पाळ्या गरम होतायत.

मग मावशीची साक्ष झाली. आम्ही वकील साक्षीदाराला पिंजऱ्यात पाठवण्याआधी एक वाक्य हमखास सांगतो: विचारलं तेवढंच बोलायचं. मीही सांगितलं. पढवूनच ठेवलं. बिचारीनं ते इतकं मनावर घेतलं की समोरच्या वकिलानं वय विचारलं तरी माझ्याकडे बघून मग बोलली. पायऱ्यांबद्दल समोरचा विचारणारच नव्हता, तो काय खुळा होता? विचारायचं होतं मी. मी विचारलं नाही. पिंजऱ्यातून उतरताना ती थांबली, तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं — आणि मी मान हलवली. नको. ती गप उतरली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "मना पायऱ्यांचा कोनी इचारलाच नाय रं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी तर विसरूच शकत नाही.

आम्ही हरलो. खाली हरलो, अपिलात हरलो, हायकोर्टात हरलो. सगळीकडे सूर एकच — गावकरी पाणी भरत असतील हो, पण ते जमीनमालकाच्या भलेपणामुळे. गावाचा हक्क म्हणून नव्हे. गावाची म्हणून वेगळी वाट होती, असं काही समोर आलेलं नाही. समोर आलेलं नाही! आणि समोर आणायचं कुणी होतं?

हायकोर्टाच्या निकालानंतर मीच मावशीला म्हटलं, आता सोडून द्या. तर ती म्हणाली, दिल्ली राहिली ना? मी तिला समजावलं की दिल्लीचं तसं नसतं. सर्वोच्च न्यायालयात सरळ अपील करायचं म्हणून करता येत नाही. आधी परवानगी मागावी लागते. साहेब, आम्हाला आत येऊ द्या, आमचं ऐका — एवढीच ती याचिका. आणि बहुतेकांना उंबऱ्यावरूनच परत पाठवतात. एक-दोन मिनिटांचं काम. का पाठवलं तेही सांगत नाहीत, सांगायला हवंच असंही नाही. देशभरातून ढिगानं याचिका येतात, ते तरी काय करणार. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे वॉचमनसारखाच झाला की," म्हणाली. "परमिशन आना." मला हसू फुटलं. मग म्हणाली, "जाव या. नाय बोलले तं नाय. पन इचारतील तरी."

गेलो. मावशीनं यायचा हट्टच धरला. रेल्वेत तिनं तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी सोडली, तर समोरचं मथुरेला जाणारं कुटुंब वरच्या बर्थवर जाऊन बसलं. मावशीला काय! मथुरेच्या बाईला तिनं लग्नाचा धवला म्हणून दाखवला, मग ती बाई खाली आली. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण कल्याण सुटल्यापासून दिल्ली येईपर्यंत दोघींच्या तोंडाला खळ नव्हता.

दिल्लीत आमची बाजू मांडायला एक मोठे सीनियर ठरवले होते. आदल्या दुपारी त्यांच्या ऑफिसात त्यांना केस समजावून द्यायची होती. मी इंग्रजीत सुरुवात केली. घरून पाठ करून गेलेलो. तिसऱ्या वाक्याला अडकलो, हिंदीवर आलो, परत इंग्रजीवर गेलो, नुसती भेळ. सीनियर भला माणूस. हसून म्हणाले, "हिंदी में बोलिए, वकील साहब. आराम से." त्यांच्या भलेपणानंच मी अर्धा झालो. कल्याण कोर्टात ज्याला बघून पक्षकार उठून उभे राहतात, तो मी तिथं एसीत बसून घाम पुसत होतो. पायऱ्यांचं मी त्यांना सांगितलं नाही. रेकॉर्डवर नाही ते कशाला सांगा, असं स्वतःशी म्हटलं.

सकाळी कोर्टात मावशी आत आली नाही. पास निघाला असता, पण म्हणाली, "मी आत येवून काय करू? थितं इंग्लिश चालतंय. तू हायेस ना." बाहेर हिरवळीच्या कडेला उन्हात बसली. गुडघ्यापर्यंत आखडून नेसलेलं लुगडं, नाकात भली मोठी नथ. येणारेजाणारे वळून बघत होते.

तू हायेस ना.

आत नंबर लागला. सीनियर पुढे, त्यांच्या मागे त्यांचे असिस्टंट, त्यांच्या मागे भिंतीला चिकटून मी. सीनियर उभे राहिले. एक वाक्य बोलले, दुसरं सुरू केलं. दोन न्यायमूर्ती होते. त्यातले एक कागद चाळत होते. त्यांचा हात वर होत होता, तो हात मी ओळखतो, तो 'पुरे' म्हणणारा हात असतो. तेवढ्यात दुसरे, वयानं थोर, पांढऱ्या भुवयांचे, पुढे वाकले. आणि त्यांनी विचारलं. इंग्रजीत विचारलं, मी मराठीत सांगतो. ते म्हणाले — याचिकेत तुम्ही बावडीला 'स्टेपवेल' म्हटलंय, म्हणजे ही विहीर पायऱ्यांची ना. मग त्या पायऱ्या कुठल्या बाजूला उतरतात? गावाच्या, की मालकाच्या जमिनीच्या?

मी परत लिहितो. पायऱ्या कुठल्या बाजूला?

तीन कोर्टं झाली, एवढे निकाल झाले, कुणाला सुचला नाही तो प्रश्न. कल्याणपासून कुठल्या कुठे बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला सुचला. सीनियरनी मागे बघितलं. असिस्टंटांनी मागे बघितलं. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. सगळं कोर्ट माझ्याकडे बघतंय असं मला वाटलं, बघत नसणारच, पण वाटलं. मला फक्त पुढे वाकून असिस्टंटच्या कानात एक शब्द सांगायचा होता. गावाच्या. बस. इंग्रजी नको, हिंदी नको.

मी मान खाली घातली.

सीनियर वळले. म्हणाले, रेकॉर्डवर तसं काही स्पष्ट नाही, माय लॉर्ड. थोरल्या न्यायमूर्तींनी क्षणभर वाट बघितली. खरंच बघितली, मला दिसलं ते. मग मागे टेकले. पहिल्यांचा हात वर गेला. याचिका फेटाळली. पुढचा नंबर पुकारला गेला.

आता तुम्ही विचाराल, का? मीही स्वतःला बरीच वर्षं एक उत्तर देत आलो. इंग्रजीची भीती. मोठं कोर्ट, आदल्या दिवशीची फजिती, छातीत धडधड — माणूस गांगरतो हो. किती सोयीचं उत्तर आहे! ऐकणाऱ्याला कीव यावी असं. आणि त्यात खोटंही फारसं काही नाही, मी घाबरलेलो होतोच.

पण — आता इथवर आलोय तर सांगूनच टाकतो. मी इंग्रजीला घाबरून गप्प बसलो नाही. 'गावाच्या' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता, ते मला त्या क्षणी लख्ख दिसलं. वकीलच ना मी. पुढचा प्रश्न आला असता: मग हे आधी का सांगितलं नाही? दाव्यात का नाही? साक्षीत का नाही? पाहणीचा अर्ज का केला नाही? आणि सीनियर परत मागे वळले असते, असिस्टंट वळले असते, आणि सगळ्यांना कळलं असतं की या बाईची केस हिच्या वकिलानं मारली. भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या या इसमानं. ते मला नको होतं. मावशीची बावडी एका पारड्यात आणि माझी अब्रू दुसऱ्या पारड्यात, आणि मी मान खाली घालून माझं पारडं जड केलं. किती वेळ लागला याला? सुपारी फुटायला लागतो तेवढा.

उत्तर दिलं असतं तर आम्ही जिंकलो असतो, असं मी म्हणत नाही. दिल्लीचं कोर्ट नव्यानं पुरावे तपासत बसत नाही. कदाचित तेव्हाही नाहीच म्हणाले असते. कदाचित नोटीस निघाली असती, कॉम्प्लेक्सवाले तडजोडीला आले असते, वर्षातून चार दुपारी गेट उघडलं असतं. काय झालं असतं ते कुणाला माहीत? ते कळायची वाटच मी बंद केली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये सीनियरनी विचारलं, "कुछ पता था आपको, सीढ़ियों का?" मी म्हणालो, रेकॉर्ड पे नहीं है, सर. शब्दाला शब्द खरं. ते खांद्यावर थोपटून पुढच्या कोर्टाकडे निघून गेले.

आणि मी हिरवळीकडे गेलो. मावशीनं मला लांबून बघितलं, उठली. तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलंच. "नाय बोलले?" मी मान हलवली. मग तिनं विचारलं — अहो, तिनं तेच विचारलं, दुसरं काही विचारलंच नाही — "काय इचारला का त्यांनी?"

इथं तरी खरं बोलता आलं असतं. कोर्ट नव्हतं, सीनियर नव्हते, इंग्रजी नव्हतं. उन्हात एक म्हातारी बाई आणि मी. मी म्हणालो, "नाही मावशी. काही विचारलंच नाही. एका मिनिटात फेटाळली."

आणि मला रडू आलं. भर हिरवळीवर काळ्या कोटात मी रडलो. मावशीला वाटलं मी केससाठी रडतोय. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, अगदी लहान पोराचं पुसावं तसं, दोन्ही गाल. म्हणाली, "रडू नको रं पोरा. त्यांनी इचारलाच नाय तं तू तरी काय करशील?" मग पिशवीतून उरलेली भाकरी काढून माझ्या हातात दिली. मी ती खाल्ली. उभ्या उभ्या, सगळी.

माझं खोटं पकडलं जाण्याची भीती कधीच नव्हती, हे तुमच्या लक्षात आलं का? दिल्लीच्या निकालात प्रश्न लिहिलेले नसतात. फेटाळली, एवढंच. सगळ्यांना माहीत असतं की तिथं असंच होतं, कारण सांगत नाहीत. या रीतीच्या आड मी बसलो ते आजतागायत बसलोय. गावात कुणी मला दोष दिला नाही. उलट गावदेवीच्या जत्रेत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. आमच्यासाठी दिल्लीपर्यंत गेला म्हणून! मी नाही म्हणालो का? कसला! चार शब्द बोललोसुद्धा. न्याय महाग झालाय वगैरे. टाळ्या पडल्या. बायकोनं ती शाल कपाटात वरच्या कप्प्यात घडी करून ठेवलीय आणि दर दिवाळीच्या साफसफाईला बाहेर काढून म्हणते, किती प्रेमानं दिलीय हो. आणि मावशी? दर थंडीत ऑफिसचा जिना चढून वालाच्या शेंगा घेऊन येते. आता गुडघे साथ देत नाहीत तरी येते. पोपटी लावा म्हणते, मडक्यात शेंगा भाजून पोरांना घाला. आम्ही लावतो. फार छान होते.

हे सगळं मी असंच रेटून नेलं असतं. वकिलाची कातडी जाड असते. पण यंदा मावशीच्या नातीचं लग्न झालं.

आग्रहाचं बोलावणं होतं. हळदीच्या दुपारी मी आणि बायको गेलो. पाणी आणायची वेळ झाली तशी मिरवणूक निघाली. बावडीवर नाही जायचं, पण निघायचं. मावशीनं तेवढी रीत टिकवलीय. बायका कळश्या घेऊन कॉम्प्लेक्सच्या भिंतीपर्यंत जातात, जिथं भिंतीखाली त्या पायऱ्या आहेत तिथं हळदकुंकू वाहतात, आणि मग कोपऱ्यावरच्या नळावर कळश्या भरतात. मावशी भिंतीपाशी उभी राहिली, हात भिंतीला लावला, आणि गायला लागली. आवाज तसाच, कापत नाही. धवल्यात धवलारीण आपलं काही घालते, घरच्यांची नावं, झालंगेलं. तसं तिनं घातलं —

दिल्लीचे कोर्टान गो, गेली गावाची बावरी,
कोनी नाय इचारला गो, कनच्या बाजूला पायरी.

मागच्या बायकांनी ते उचललं. त्यांना पाठ होतं. म्हणजे हे काही पहिल्यांदा गायलं जात नव्हतं. वर्षानुवर्षं, दर हळदीला, या भिंतीपाशी त्या हे गात आल्यात आणि मला पत्ताच नाही. पोरीबाळी गात होत्या. मावशीच्या हाताखाली शिकणारी तिची सून, ती तर मावशीहून वरच्या पट्टीत. गाता गाता मावशीची नजर माझ्यावर पडली आणि ती हसली. बायकांना खूण केली — आपला वकील बघा आलाय. सगळ्या वळल्या. किती मायेनं बघत होत्या! बायकोनं माझा हात दाबला. तिला भरून आलं होतं.

कोनी नाय इचारला. मावशीचा जन्म या एका वाक्यात गेलाय. जमीन विकली गेली तेव्हा तिला विचारलं नाही, भिंत बांधली तेव्हा नाही, पिंजऱ्यात उभं केलं तेव्हा तिच्याच वकिलानं नाही. आणि ज्यानं विचारलं, शब्दाला शब्द तिच्या मनातलं विचारलं, थांबून उत्तराची वाट बघितली — तो माणूस मी तिच्यापासून लपवला. बावडी गेली ती बिल्डरनं नेली, कोर्टांनी नेली, म्हणा वाटलं तर. हे मात्र मी नेलं. मी एकट्यानं. ती मरेल ते हेच समजून मरेल की सगळ्या देशात तिला विचारणारं कुणी नव्हतं. आणि तिच्यानंतर तिची सून हे गाईल, सुनेनंतर आणखी कुणी. माझं खोटं आता माझ्याही हातात राहिलेलं नाही, ते लग्नात गातात.

परवाच मावशी येऊन गेली. शेंगा ठेवल्या, पाणी प्यायली, गुडघ्यांचं सांगितलं. ऑफिसात आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "मावशी —" ती म्हणाली, "काय रं?" मी म्हटलं, "जपून उतरा. जिना ओला आहे."

जिना ओला नव्हता.

तिला त्यांनी विचारलं होतं. पायऱ्या कुठल्या बाजूला उतरतात, म्हणून विचारलं होतं. मी तिथं होतो आणि मला माहीत होतं.

गावाच्या. गावाच्या बाजूला उतरतात.